जिमखान्याच्या फीचा हिशेब मागणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठात आणि महाविद्यालयांत विद्यार्थी निवडणुका पुन्हा सुरू कराव्यात की नाही, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अधूनमधून पत्रं येतात. मी ती सगळी वाचतो. निवृत्त माणसाला सकाळी तेवढं एक काम मन लावून करता येतं. एक पक्ष म्हणतो, निवडणुका आल्या की गुंडगिरी आली, पक्ष आले, पोरांची वर्षं वाया गेली. दुसरा म्हणतो, नेतृत्व कॉलेजातूनच घडतं. पण जिमखाना, गॅदरिंग अशा नावांनी मुलांकडून जी फी घेतली जाते, तिचा ‘हिशेब’ हा शब्द दोन्ही बाजूंच्या पत्रांत मला आजवर सापडलेला नाही. मी चौतीस वर्षं पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काढली. १९८८ मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, २०२२ मध्ये अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं कॅशबुक माझ्याकडे होतं. त्यामुळे माझी नजर पैशांकडेच आधी जाते, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

पत्राला निमित्त पुतणीचं. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैमध्ये एक दिवस घरी येऊन म्हणाली, “काका, मी सीआर झाले.” सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी. मी म्हटलं, “वा! किती मतांनी?” तर ती हसायलाच लागली. मतंबितं काही नव्हती. सरांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, मुलांमधून हा आणि मुलींमधून ही. खाली सत्तर जणांचे अंगठे. झाली निवडणूक.

दोन महिन्यांनी तिनंच विचारलं, “काका, सीआरचं नेमकं काम काय असतं हो?” तोवर तिनं असाइनमेंटचे गठ्ठे स्टाफरूममध्ये पोचवले होते, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख ग्रुपवर तीन-तीनदा टाकली होती आणि ट्रॅडिशनल डेला फेटे भाड्यानं आणण्यासाठी वर्गणी गोळा केली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात महिनाभर पाणी नव्हतं, ते सांगायला ती ऑफिसात गेली. तिथं तिला ऐकवण्यात आलं, “तू आमचे निरोप वर्गाला द्यायचेस. वर्गाचे निरोप आम्हाला नाही.” हे ज्यानं म्हटलं तो माझ्यासारखाच कुणी कारकून असणार. त्याच्यावर माझा राग नाही. खिडकीच्या आत बसून मीही असंच बोलत आलो आहे.

माझ्या वेळी सीआर वर्गातून निवडून यायचा. १९८३ साली मी एस.वाय.ला होतो. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, टेबलावर उलटी ठेवलेली कुणाची तरी टोपी, फळ्यावर पाच-पाचच्या रेघा. मला एकतीस मतं, समोरच्याला सव्वीस, चार बाद. बाद झालेल्यांतल्या एका चिठ्ठीवर एका नटीचं नाव होतं. गंमत अशी की तेव्हा सरकारदरबारी मताचं वय २१ होतं. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेला मी वीस वर्षांचा, म्हणजे देशाच्या लेखी अजाण. पण वर्गात मत द्यायला आणि मागायला मी चालत होतो. मताचं वय १८ झालं ते १९८९ च्या मार्चमध्ये. पुतणीचं आमच्या बरोबर उलटं. १३ मे २०२४ ला तिनं लोकसभेला पहिलं मत दिलं, नोव्हेंबरात विधानसभेला दुसरं. खासदार आणि आमदार निवडायला ती चालते, आपल्या बाकावरचा सीआर निवडायला चालत नाही.

आता गुंडगिरीबद्दल. ते म्हणणं खोटं नाही. मला स्वतःला पळवून नेलेलं आहे. तेव्हा आमच्या कॉलेजात वर्गांनी सीआर निवडायचे आणि त्या सीआरांनी मिळून जीएस, म्हणजे कॉलेजचा सरचिटणीस, निवडायचा, अशी पद्धत होती. सीआर बावीस. म्हणजे बारा मतं हातात आली की जीएसपद खिशात. बावीस पोरं काय, दोन मेटॅडोरमध्ये बसतात. मतदानाच्या तीन दिवस आधी एका पॅनेलच्या मुलांनी आम्हा सात जणांना “चला, सिंहगडावर भजी खाऊन येऊ” म्हणून गाडीत घातलं. कांदाभजी झाली, मडक्यातलं दही झालं. उतरल्यावर गाडी पुण्याकडे वळायची ती पानशेतच्या रस्त्याला लागली. खानापूरच्या पुढं कुणाच्या तरी मामाचं शेत होतं. तिथं तीन दिवस मेंढीकोट, रात्री बाकीच्यांना कोंबडी आणि मला पिठलं. कुणी बोटही लावलं नाही, उलट लाडच केले. फक्त फाटकाजवळ दोघं जण कायम बसून असायचे. माझी आई दुसऱ्या दिवशी फरासखान्यावर जाऊन आली. तिथल्या हवालदारानं विचारलं, “कॉलेजात निवडणुका आहेत का बाई? मग येईल परत.”

मतदानाच्या दिवशी आम्हाला थेट कॉलेजच्या दारात उतरवलं. दारात दुसरं पॅनेल उभंच होतं. सायकलच्या चेन निघाल्या. माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या डोक्याला सहा टाके पडले. तो दौंडकडचा. वडील आले, ट्रंक रिक्षात टाकली आणि त्याला घेऊन गेले. तो परत पुण्याला आला नाही. आणि मी मत कुणाला दिलं? ज्यांचं पिठलं खाल्लं त्यांना. चाळीस वर्षं झाली तरी हे लिहिताना बरं वाटत नाही.

त्यामुळे “निवडणुका बंद झाल्या ते बरंच झालं” असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही. पण त्याला खुर्च्यांची गोष्ट सांगतो.

१९९० च्या डिसेंबरातली गोष्ट. मी आता खिडकीच्या आतल्या बाजूला आलो होतो. गॅदरिंग झालं आणि मांडववाल्याचं बिल आलं, खुर्च्या सहाशे, दिवस दोन. आमच्याकडे अशी रीत होती की गॅदरिंगच्या खर्चाच्या व्हाउचरवर जीएसची सही असल्याशिवाय ते कॅशबुकात चढवायचं नाही. हा नियम मी कुठं छापलेला पाहिला नाही. आधीच्या हेडक्लार्कनी सांगितलं होतं, म्हणून मी पाळत होतो. जीएस खिडकीशी आला, बिल वाचलं आणि म्हणाला, “सर, चारशे दहा होत्या.” मी म्हटलं, “तुला रे काय माहीत?” तर म्हणाला, “रात्री टेम्पोत आम्हीच चढवल्या. दहा-दहाच्या एक्केचाळीस थप्प्या.”

हा मुलगा काही साधू नव्हता. तोही सीआर फिरवूनच निवडून आलेला. पुढं एका नगरसेवकाच्या मागं बुलेटवरून हिंडताना मी त्याला पाहिलं आहे. त्यानं खुर्च्या मोजल्या त्या सचोटीपोटी नाही. समोरचं पॅनेल दर गॅदरिंगनंतर “पैसे खाल्ले” म्हणून बोंब मारायचं, आणि याला पुढच्या वर्षी आपला माणूस निवडून आणायचा होता. म्हणून मोजल्या. एकशे नव्वद खुर्च्यांचे पैसे वजा होऊन नवीन बिल आलं. मांडववाला महिनाभर माझ्याकडे रागानं बघत होता, जणू मीच मोजायला गेलो होतो.

त्यानंतरच्या तीस वर्षांत आमच्या कॉलेजात खुर्च्या कुणी मोजल्याचं मला आठवत नाही. पैसे खाल्ले गेले असं मी म्हणत नाही. वार्षिक ऑडिट व्हायचं, ते स्वच्छ असायचं. पण ऑडिटर व्हाउचर बघतो, कोटेशन तीन आहेत का बघतो, तुलनात्मक तक्त्यावर सह्या आहेत का बघतो. रात्री अकरा वाजता टेम्पोत खुर्च्या चढवायला तो नसतो.

बदल झाला तो असा. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांबद्दल आधीच नाराजी होती, ती भीतीत बदलली. नंतर १९९४ चा विद्यापीठ कायदा आला आणि त्यानं निवडणुकीच्या जागी गुणवत्ता आणली. आधीच्या परीक्षेत वर्गात ज्याला सगळ्यांत जास्त गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी. कागदावर किती सुरेख! भांडण नाही, मेटॅडोर नाही, आणि हुशार मुलं पुढं येणार.

हुशार मुलं आली खरी, पण त्यांना यायचं नव्हतं. वर्गात पहिली आलेली मुलगी पहिली येते कारण ती लायब्ररीत असते. तिला जिमखान्याच्या बैठकीला बसवणं म्हणजे तिचा तास बुडवणं. आणि तिला वर्गानं निवडलेलं नसतं, त्यामुळे वर्गाला तिला जाब विचारता येत नाही. तिलाही वाटत नाही की आपण कुणाला उत्तर द्यायचं आहे. गुण तिनं स्वतःच्या कष्टानं मिळवलेले, ते कुणी परत घेऊ शकत नाही. एक वेगळा मुलगा आठवतो. पारनेर तालुक्यातला, ‘कमवा आणि शिका’ योजनेत आमच्या ऑफिसात फायलींना लेबलं चिकटवायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबाच्या पोरानं ताठ मानेनं शिकावं म्हणून जी वाट पाडली, तिच्यातून निघालेली ही योजना. एका वर्षी त्या मुलांचं मानधन चार महिने आलं नाही. तो रोज तीन तास काम करायचा, खानावळवाल्याला तोंड चुकवायचा आणि आम्हाला एका शब्दानं विचारायचा नाही, कारण विचारलं तर काम जाईल अशी भीती. त्याच्या वतीनं विचारणारा कुणीतरी लागत होता. त्या वर्षीच्या आमच्या विद्यार्थी परिषदेत बारा जण होते, बाराही पहिल्या नंबराचे. ‘कमवा आणि शिका’मधला एकही नाही. ती मुलं सकाळी कामाला, दुपारी वर्गात. त्यांचा पहिला नंबर येणार कधी?

आता जे लिहितो ते मी नोकरीत असताना लिहिलं नसतं.

विद्यार्थी परिषदेच्या सभांची इतिवृत्तं मी लिहिली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा सभा झालेल्या नाहीत. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम यायची असली की फायली पूर्ण कराव्या लागत. विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागे. मग मी टाइप करायचो: ‘विद्यार्थी परिषदेची तिसरी सभा मा. प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली संपन्न झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. ग्रंथालयाच्या वाढीव वेळेबद्दल विद्यार्थ्यांनी समाधान व्यक्त केले. आभारप्रदर्शनाने सभेची सांगता झाली.’ चहाचं बिलही जोडायचो. चहा झालेला असायचा. तो आम्ही ऑफिसात प्यायलेला असायचा. एका वर्षी टी.वाय.ची एक मुलगी सह्या करायला आली. तिनं सगळं वाचलं. सहसा कुणी वाचत नसे. मग हळूच म्हणाली, “सर, ही सभा झालीच नाही ना?” मी म्हटलं, “कर गं बाळा सही, फाइल पूर्ण करायची आहे.” तिनं केली. चांगली मुलगी होती, मोठ्यांचं ऐकणारी. अशीच मुलं आम्हाला हवी होती.

मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, आणि १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. ऑफिसात आम्हाला त्याची प्रत मिळाली. बाकीचे सेवाशर्तींची पानं शोधत होते, मी कलम ९९ वाचत बसलो. विद्यार्थी परिषद पुन्हा निवडणुकीनं, आणि यावेळी कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी हे सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मत देऊन निवडायचे. ज्यानं हे लिहिलं त्यालाही कधीतरी कुणी पिठलं खायला नेलं असावं, असं मला वाटलं. बावीस पळवता येतात. अडीच हजार पळवायला किती मेटॅडोर लागतील? विद्यापीठाच्या परिषदेला मात्र कॉलेजांतून निवडून आलेल्यांनीच मत द्यायचं आहे. पुणे, नगर आणि नाशिक एवढा मोठा आपल्या विद्यापीठाचा कारभार. तिथं गाड्या पुन्हा बाहेर निघतील अशी मला धास्ती आहे. त्यावर कुणी विचार करत असेल तर बरं.

पण माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं कलम दोन पानं आधी आहे. कलम ९७, महाविद्यालय विकास समिती. वर्षातून निदान चार वेळा बसणारी समिती. कॉलेजचं अंदाजपत्रक आणि जमाखर्च तिच्यासमोर येतो, फीबद्दलही तिथं बोललं जातं. तिच्यावर संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षक आणि बिगरशिक्षक कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो. आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव हेही कायद्यानं सदस्य. म्हणजे जिथं पैसे ठरतात त्या टेबलाशी दोन विद्यार्थी. हे पद वक्तृत्व स्पर्धेच्या उद्घाटनाला मंचावर बसायचं नाही, गुलाबाची फुलं वाटायचं तर नाहीच.

बिगरशिक्षक प्रतिनिधी म्हणून त्या समितीवर दोन वर्षं मी होतो. आठ बैठकांना गेलो. विद्यार्थ्यांच्या दोन जागा आठही वेळा रिकाम्या होत्या, कारण परिषदच निवडलेली नव्हती. हजेरीपत्रकावर त्या दोन पदांपुढं ‘रिक्त’ असं मीच लिहायचो. एकदा जिमखान्याच्या शिल्लक पैशांतून आवारातल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आला. वाटेवरून मुलंच चालतात, तेव्हा हा विद्यार्थी उपक्रमच, असं कुणीतरी म्हटलं. सगळे हसले, मंजूर झालं. मीही हात वर केला.

२०१९ च्या पावसाळ्यात वाटलं होतं की आता निवडणुका होतातच. घोषणा झाली, आम्ही ऑफिसात वर्गवार याद्यासुद्धा काढायला घेतल्या. पुढं विधानसभेची निवडणूक होती, म्हणून या लांबणीवर पडल्या. मग करोना आला, कॉलेजंच बंद झाली, आणि विषय जो मागं पडला तो पडलाच. कायदा आहे, कलम आहे, मत द्यायचं वय आहे, फक्त तारीख नाही.

पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकानं कारभार पाहिला. तोवर नगरसेवकांना आपण किती शिव्या घालत होतो! पण ड्रेनेज तुंबल्यावर फोन कुणाला करायचा, हा प्रश्न आमच्या कर्वेनगरच्या गल्लीत पहिल्याच पावसात आला. नगरसेवक वाईट असेल, पण त्याचा दरवाजा माहीत होता. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर तर गेली तीस वर्षं प्रशासकच आहे.

माझे एक जुने सहकारी, जे रोज संध्याकाळी कॅनॉलच्या कडेनं माझ्याबरोबर चालतात, त्यांचा मुद्दा असा: “दिल्ली बघा. तिथं निवडणुका आहेत, काय होतं?” होतं ते वाईटच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून लिंगडोह समिती बसली, २००६ मध्ये तिच्या शिफारशी लागू झाल्या. उमेदवाराला खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, फक्त हातानं केलेलं. आणि २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीत भिंती इतक्या रंगवल्या गेल्या की उच्च न्यायालयानं सांगितलं, आधी शहर साफ करा, मग मतं मोजा. सप्टेंबरात दिलेली मतं नोव्हेंबरच्या अखेरीला मोजली गेली. पाच हजारांत किती रंग येतो, हे ऑइलपेंटच्या दुकानात चौकशी केलेल्या कुणालाही कळेल. पण मी त्यांना एकच म्हटलं: तिथं निदान भिंती पुसून घ्यायला कुणाला तरी पकडता आलं. उमेदवार होते, नावं होती. आमच्या न झालेल्या सभांचं पाप कुणाच्या नावावर टाकायचं? इतिवृत्तावर सही त्या मुलीची आहे.

आणि आपल्याकडे निवडणुका नसल्या म्हणून विद्यार्थी गप्प बसले, असंही नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची परीक्षा तीन दिवस आधी पुढं ढकलली, तेव्हा नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर किती मुलं उतरली होती ते आपल्या वाचकांनी पाहिलं आहे. त्यांचं भांडण लोकसेवा आयोगाशी होतं, कॉलेजशी नाही, हे मला कळतं. मी सांगतो आहे ते एवढंच की खोलीत बोलायला जागा नसली की माणूस चौकात बोलतो, आणि चौकात बोलणाऱ्यापुढं मायक्रोफोन कोण धरतं, कोण गाड्या पाठवतं, हे सगळे पक्ष जाणतात. पक्ष कॉलेजात येऊ नयेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी यावर झोप मोडावी.

आणखी एक बाब, जी बहुतेक पालकांना माहीत नसते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात जी अंतर्गत समिती असते, तिच्यावर विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीनं निवडलेले असावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात. निवडलेले, नेमलेले नव्हे. कारण उघड आहे. तक्रार एखाद्या शिक्षकाविरुद्ध असेल तर त्याच शिक्षकानं नेमलेली मुलगी तिथं बसून काय करणार? उलट २०२३ चे तक्रार निवारणाचे विनियम पाहा. तिथं विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर किंवा खेळातल्या, कलेतल्या कामगिरीवर नेमायचा, आणि तोही विशेष निमंत्रित म्हणून. एकाच आयोगाचे दोन कागद, आठ वर्षांच्या अंतरानं, तोंडं दोन दिशांना. कारकुनाला अशा वेळी एकच कळतं: जो कागद सोपा तो पाळायचा.

सरकारनं निवडणुका घ्याव्यात हे मी म्हणणारच, आणि सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. पण तोवर कॉलेजांना कुणी अडवलेलं नाही. सीआर वर्गात चिठ्ठ्या टाकून निवडायला शासननिर्णय लागत नाही, वीस मिनिटं लागतात. जिमखाना, गॅदरिंग, विद्यार्थी कल्याण, मासिक या नावांनी दरवर्षी पावतीवर जे पैसे घेतले जातात त्यांची जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे एका पानावर बसतं. ते पान नोटीस बोर्डावर लावायला कुणाची परवानगी लागते? प्रत्येक कॉलेजात ते पान तयार असतं. मी स्वतः कितीतरी वर्षं दर एप्रिलमध्ये ते तयार केलं आणि कपाटात ठेवलं.

हे सगळं मी पुतणीला एका रविवारी सांगितलं. मला वाटलं कंटाळली. मोबाइल बघत होती. पण गुरुवारी आली आणि म्हणाली, “काका, अर्ज कसा लिहायचा?” आम्ही दोघांनी मिळून लिहिला. विषय: गेल्या वर्षीच्या जिमखाना व विद्यार्थी उपक्रम फीच्या जमाखर्चाबाबत. खाली तिच्या वर्गातल्या चव्वेचाळीस जणांच्या सह्या, म्हणजे अंगठे देणाऱ्या सत्तरांपैकी सव्वीस जणांनी हात मागं घेतला. मी तिला बजावलं होतं, दोन प्रती ने, एकीवर पोच घे, आवक क्रमांक टाकल्याशिवाय खिडकी सोडू नको. त्याप्रमाणे ती गेली. आतला म्हणाला, “सीआरला असा अर्ज करता येत नाही.” तिनं फीची पावती काढून पुढं केली आणि म्हणाली, “मग सीआर म्हणून घेऊ नका. पैसे भरलेत म्हणून घ्या.” हे मी शिकवलेलं नव्हतं.

त्यानं घेतला. पोच आमच्याकडे आहे, शिक्का निळा, तारीख नीट वाचता येते. या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर पाणीही आलेलं नाही, तिथं एक निळं पिंप आणि एक मग आणून ठेवला आहे. पिंपाचं बिल कुठल्या फीतून टाकलं, ते तिला विचारायला सांगितलं आहे. कळलं की आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त बिगरशिक्षक कर्मचारी
कर्वेनगर, पुणे
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे वेगळा दिला आहे. पुतणीची परीक्षा व्हायची आहे, म्हणून छापू नये ही विनंती.)